दुकानात न मिळणारा मासा

जेवता जेवता दादा म्हणाला, "छकुले, तुझ्या प्लांटच्या पाण्यात मासा टिकत नाही," आणि ताईच्या हातातला डाव पातेल्यावर तसाच अधांतरी राहिला.

ताई आता निवृत्तीला टेकली होती. महिनाअखेरीला तिचा निरोप समारंभ व्हायचा होता. केस पिकले, गुडघे कुरकुरू लागले, तरी थोरल्या भावाच्या तोंडून 'छकुले' काही सुटलं नव्हतं. एरवी तिला ते गोड वाटे. आज मात्र नाकाला मिरच्या झोंबल्या.

"कुठल्या पाण्यात टिकत नाही?"

"तुमचा मोठा पाइप नदीत सुटतो ना, तिथून खाली वळणापर्यंत. दवाखान्यात शिरल्यासारखा वास येतो. काल होडीतून गेलो तर बारकी मासळी पांढरं पोट वर करून काठाला लागलेली. आणि ह्याच आठवड्यात मोठे मासे अंडी घालायला तिथल्या उथळात येतील. येतील आणि मरतील."

"दादा, आमच्या पाण्यात मासा टिकत नाही, हे तू मला सांगतोस? अरे, दारातच माशाची पेटी ठेवलीय आम्ही! त्याच पाण्यात आमचा शेठजी इतकी वर्षं मजेत पोहतोय. हातच्या कांकणाला आरसा कशाला?"

"तुझा शेठजी पेटीत असेल. माझे मासे नदीत आहेत."

"तुला सवयच आहे, चांगलं झालेलं बघवत नाही तुला."

हे बोलायला नको होतं. दादानं ताटातला शेवटचा घास संपवला, ताट उचलून मोरीत ठेवलं, आणि चपला पायात सरकवत म्हणाला, "बघवत नाही म्हणूनच आलो होतो सांगायला." मग दार ओढून घेतलं. आपटलं नाही. आपटलं असतं तरी बरं, असं ताईला वाटलं.

मग काही तिला चैन पडेना. जेवणावर मन नाही, आडवं पडलं तर डोळा लागेना, उठून खिडकी उघडली, पुन्हा लावली. गॅसवर दूध ठेवलं आणि समोर उभी असून उतू जाऊ दिलं. 

त्या वळणावर दोघं भावंडं वाढली होती. आई कपडे धुवायची आणि ही दोघं एका फडक्याची दोन दोन टोकं धरून उथळातली मासळी पकडायची, डब्यात घालायची आणि घरी जाताना आईच्या धाकानं परत सोडायची. मग शहर वाढलं. घराघरांतलं, कारखान्यांतलं, सगळं पाणी नदीनं पोटात घेतलं. पाणी आधी तपकिरी झालं, मग काळं, मग त्यावर फेस यायला लागला. काठावरच्या लोकांनी खिडक्या लावून घेतल्या त्या कायमच्याच. दादानं जाळं गुंडाळून माळ्यावर टाकलं आणि बस डेपोत चिकटला. ताई तेव्हा नुकतीच शिकून मोकळी झाली होती. सांडपाणी शुद्ध करायचं केंद्र बांधलं तेव्हा तिथल्या प्रयोगशाळेत तिला जागा मिळाली. नातेवाईक हसले. "मुलगी शिकली, आणि गटार तपासायला लागली!" म्हणाले. तेव्हापासून दिवसभर बाटल्या घेऊन फिरायची म्हणून प्लांटात तिला पाठीमागं सगळे 'बाटलीबाई' म्हणत. दादाला हे कळलं त्या दिवशी तो पोट धरधरून हसला होता. "घराण्यात कुणी बाटलीला शिवलं नाही, तू नाव काढलंस!"

आणि मग एकदा, कितीतरी वर्षांनी, ऐन दुपारी तोच दादा नखशिखांत भिजलेला, हातात बादली घेऊन प्रयोगशाळेच्या दारात उभा राहिला होता. बादलीत एक मासा होता. वळणावर सापडलेला, काळ्या पाण्यानंतरचा पहिला. दादा नुसती बादली पुढं करी. त्या दिवशी ताई सगळ्यांदेखत रडली होती. आणि आज त्याच भावाला ती म्हणाली होती, तुला बघवत नाही.

दुसऱ्या दिवशी ती नेहमीपेक्षा लवकर प्लांटवर गेली. फाटकात पहारेवाल्या मामांनी हात वर केला, "ताई, आज सूर्य कुठून उगवला?"

"माझ्या डोक्यातून," ती म्हणाली आणि सरळ पेटीकडं गेली.

ही काचेची पेटी म्हणजे त्या प्लांटची जुनी रीत. पहिल्या साहेबांनी घातलेली. ते म्हणत, "पाहुण्याला कागद दाखवू नका, मासा दाखवा." सगळ्या टाक्यांतून गाळून, हवा देऊन, निवळून, शेवटी जंतू मारायला क्लोरीन घालून जे पाणी नदीला सोडायचं, त्याचीच एक बारीक धार ह्या पेटीतून सतत वाहत असे. पेटीत एकच सोनेरी मासा. ढेरपोट्या, डुलत डुलत चालणारा, म्हणून शेठजी. ताई रोज जाता येता त्याच्याशी दोन शब्द बोले, अलीकडे मात्र निरोपाच्या घाईत काचेकडं नीट न बघताच. नवरा जाऊन वर्षं झाली, मुलगी परगावी. बोलायला कुणीतरी लागतंच.

"काय शेठजी, बरं आहे ना?" तिनं काचेवर बोट टेकलं.

मासा दचकून मागं पळाला.

ताई चपापली. शेठजी पळत नसे, तो बोटाशी येऊन तोंड उघडमीट करी. तिनं चष्मा पुसला. रंग तोच. ढेरी तीच, जवळजवळ. पण शेठजीच्या शेपटीला डाव्या बाजूला एक खाच होती. लहानपणी कुठं तरी अडकून फाटलेली असावी, कोण जाणे. ह्या माशाची शेपटी नव्या पंख्यासारखी अख्खी होती.

"मामा!" तिनं हाक मारली. "शेठजीची शेपूट भरून आली का हो?"

मामा फाटकातूनच म्हणाले, "येते की! माशांचं काय, पालीसारखंच."

"पालीची येते. माशाची अशी येते होय?"

"चांगलं खाणंपिणं असलं की येते," मामा म्हणाले आणि नसलेल्या गाडीसाठी फाटक उघडायला गेले.

तो दिवस कसा गेला ते ताईचं तिलाच माहीत. एका नळीत घालायचं ते दुसऱ्या नळीत घातलं. बाहेर हवेच्या टाकीची यंत्रं घोंघावत होती, ती घरघर तिला इतक्या वर्षांत कधी ऐकू आली नव्हती, आज डोक्यात भुंगा सोडल्यासारखी वाटत होती. दोनदा प्रयोगशाळेतून उठून पेटीपाशी आली. मासा धारेपासून लांब, पार कोपऱ्यात, पृष्ठभागाशी तोंड काढून होता. खाली जातच नव्हता.

संध्याकाळी घरी न जाता ती बाजारात रंगीत माशांच्या दुकानात गेली. दुकानातली बाई काचा पुसत होती.

"सोनेरी मासे आहेत का? ढेरपोटे?"

बाईनं तिच्या गळ्यातलं प्लांटचं ओळखपत्र पाहिलं आणि पुसायचं थांबवून हसायलाच लागली.

"तुम्हीपण? अहो, तुमच्याकडं आहे तरी काय? आधी एक मिशीवाले मामा आले. मग एक उंच, वाकून दारातून आत येणारे. मग एक साहेब, काळा चष्मा घालून, जसं काही चोरीचा माल घ्यायला आलेत. मग पुन्हा मामा. सगळ्यांना एकच, ढेरपोट्या सोनेरी. खरं सांगा, तुम्ही लोक मासे पाळता की तळता?"

ताईला हसू यायला हवं होतं. आलं नाही. "मासा नको," एवढंच म्हणून ती बाहेर पडली. घरी येऊन कुलूप लावलं की नाही ते बघायला तीनदा उठली.

सकाळी तिनं तिघांनाही पेटीपाशी उभं केलं. मामा, पंपावरचा लंबू, आणि साहेब. साहेब वयानं तिच्या मुलीएवढे, पण माणूस भला, ताईला कधी शब्दानं दुखवलं नव्हतं. पेटीतला मासा तोपर्यंत आडवा झाला होता.

"हा कितवा?" ताईनं विचारलं.

तिघंही एकमेकांकडं न बघता छताकडं बघत होते.

"मी काल दुकानात जाऊन आले. तिथल्या बाईनं तुमची वर्णनं केलीत. मिशा, उंची आणि काळा चष्मा."

पहिल्यांदा मामांचा बांध फुटला. "ताई, शपथेवर सांगतो, शेठजी माझ्याच पाळीत गेला. सकाळी दार उघडलं तर हा असा. म्हटलं, तुमचे शेवटचे दिवस..."

"शेवटचे दिवस काय, मामा! मी मरते आहे का?"

"म्हणजे नोकरीचे हो. म्हटलं, जाताना माणसाला चुटपुट नको. आणला दुसरा."

"शेठजी तुमच्या पाळीत कसा गेला?" लंबू मध्येच म्हणाला. "तो माझ्या पाळीत गेला! मला वाटलं, मी पेटीची धार जास्त सोडली म्हणून गेला. कित्येक रात्री मला झोप नाही."

"ए उंटा, तू बदललास तो मी आणलेला होता!"

साहेबांनी घसा साफ केला. "एक... एक मीही आणला. पाहुणे यायचे होते. मला वाटलं म्हातारा होऊन गेला असेल. ताईंना कशाला सांगायचं, असं..."

 मग हळूहळू एकेकाच्या तोंडावर तो हिशेब उमटला. प्रत्येकाला वाटत होतं, एकच मासा मेला आणि तो आपण गुपचूप बदलला. मासे मरत होते ओळीनं, आणि पेटी मात्र रोज भरलेली.

"म्हणजे ओरडून सांगायला ठेवलेला जीव," ताई म्हणाली, "त्याचं तोंड आपण दाबून धरलं. आणि मी त्याच्या जिवावर माझ्या भावाला खोटं पाडलं."

"पण आपलं पाणी तर कधी नव्हतं एवढं चांगलं आहे," साहेब म्हणाले. "जंतू शून्य! वरून कौतुक आलंय."

शून्य. ताईच्या मनात काही तरी टोचलं. गेल्या वर्षी एकदा पाण्यात जंतू जास्त निघाले होते, तेव्हापासून क्लोरीन वाढवायला सुरुवात झाली होती. पाण्यात किती क्लोरीन उरलं ते ताई रोज तपासे. रोज कमीच निघे. म्हणून ती रोज म्हणे, अजून थोडं वाढवा. ती म्हणे, आणि लंबू वाढवी.

"लंबू, तू मला क्लोरीनच्या टाकीचं पाणी कधी आणतोस?"

"पहाटे, ताई. सगळ्या टाक्यांचं एकदमच आणतो. तुमच्या गुडघ्यांना ते जिने नकोत म्हणून. तुमच्या प्रयोगशाळेच्या खिडकीत ओळीनं लावून ठेवतो."

"खिडकीत. उन्हात."

"हो. छान चमकतात."

ताई तशीच निघाली. कपाटातून काचेची नळी आणि तपासायच्या गोळ्यांची डबी घेतली आणि क्लोरीनच्या टाकीकडं चालू लागली. लंबू मागं धावला, "ताई, मी आणतो ना!" तिनं मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही. निवळणीच्या टाक्यांवरून जाणारा लोखंडी जिना, मग पूल, मग पुन्हा जिना. गुडघे प्रत्येक पायरीला बोलत होते. ती मनात स्वतःला बोलत होती. अगं शहाणे, नव्या मुलांना तूच शिकवायचीस ना? क्लोरीनचं पाणी घेतल्या जागीच तपासायचं. ते उन्हात ठेवलं की कापरासारखं उडून जातं. बसल्या जागी आयतं पाणी मिळालं आणि विसरलीस. गुडघ्यांनी तुझी अक्कल खाल्ली.

टाकीच्या कठड्यावर वाकून तिनं नळी भरली. एक गोळी टाकली. क्लोरीन जितकं जास्त तितकं पाणी गुलाबी व्हायचं. खिडकीतल्या बाटलीतलं पाणी इतके दिवस जेमतेम लाजल्यासारखं दिसायचं. नळीतलं पाणी तिच्या डोळ्यांदेखत डाळिंबाच्या दाण्यासारखं लाल होत गेलं.

मागं तिघं उभे होते, धापा टाकत.

"मीच," लंबू म्हणाला, "मीच उन्हात ठेवल्या."

"तू माझे गुडघे सांभाळलेस. मामांनी माझं मन सांभाळलं. साहेबांनी पाहुणे सांभाळले. आणि मी माझी खुर्ची सोडली नाही. नदीला तेवढं कुणी सांभाळलं नाही. साहेब, क्लोरीन उतरवायचं, आत्ता."

साहेबांचा चेहरा उतरला. "ताई, पुढच्या आठवड्यात तपासणी आहे. जंतू पुन्हा वर गेले तर? तेही नदीलाच घातक ना? शून्यावरून वर जायचं म्हणजे..."

ते चुकीचं बोलत नव्हते, आणि तेच ताईला जास्त छळत होतं. जंतू सोडले तर खालच्या गावांत पोरं आजारी पडणार, क्लोरीन सोडलं तर मासे मरणार. इकडं आड, तिकडं विहीर.

"शून्य कुणी मागितलंय आपल्याकडं?" ती म्हणाली. "मर्यादा आहे, तिच्या आत राहायचं. मी दर तासाला इथं येऊन बघते. थोडं थोडं उतरवू. जंतूंची परीक्षा रोज लावते."

"तुमचे गुडघे?"

"गुडघ्यांचं नाव जो काढेल त्याला ह्या टाकीत ढकलीन."

साहेबांनी पलीकडच्या नदीकडं पाहिलं, मग त्या लाल नळीकडं. "उतरवा," ते लंबूला म्हणाले. आणि मग हळूच, "पाहुण्यांना पेटी रिकामी दिसेल."

"दिसू दे."

दिवसभर ताई त्या जिन्यावरून वर आणि खाली करत राहिली. लाल होतं ते गुलाबी झालं, गुलाबी होतं ते फिकट. तरी तिचा जीव थाऱ्यावर येईना. पाण्यात आज उतरवलं. नदीत आधी गेलं त्याचं काय? दुपार कलली तशी ती मागच्या फाटकातून वळणाकडं निघाली.

दादा होडी उलटी घालून तिला डांबर लावत बसला होता. ताई येऊन उभी राहिली. त्यानं मान वर केली नाही.

"दादा."

"डांबर लागेल. लांब उभी राहा."

ती लांब उभी राहिली नाही. तिनं पर्समधून दोन नळ्या काढल्या. "ही सकाळची. ही आत्ताची."

"मला रंग दाखवू नकोस छकुले. मला त्यातलं काही कळत नाही."

"बरं. मग असं सांगते. पेटीतला शेठजी कधीच मेलाय. माझी माणसं मला कळू नये म्हणून दुकानातून नवे आणत होती."

दादाचा हात थांबला. त्यानं बहिणीकडं पाहिलं, आणि त्याच्या ओठांचे कोपरे हलले. "किती आणले?"

"विचारू नकोस."

"तरी!"

"दुकानातली बाई विचारत होती, पाळता की तळता."

दादा हसला. मोठ्यानं नाही, पण होडीवर हात टेकून, खांदे हलवत, जसा 'बाटलीबाई' ऐकून हसला होता तसा. ताईही हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले. ती म्हणाली, "चुकलं माझं," पण तोवर तो उठून जाळं शोधत होता, त्यामुळं त्यानं ऐकलं की नाही कळलं नाही. 

तो वरच्या अंगाला, प्लांटच्या पाइपाच्याही वर गेला आणि बऱ्याच वेळानं बादली घेऊन परत आला. बादलीत बोटभर लांबीचा, चपटा, चंदेरी मासा गरगरत होता. पाठीवर काळी रेघ. शेठजीच्या मानानं अगदी फाटका माणूस.

"हा घे. पेटीत सोड. हा नाजूक जातीचा, थोडं बिघडलं तरी पहिला हा मरतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं," दादानं बोट नाचवलं, "हा दुकानात मिळत नाही."

मासा पेटीत सोडला तेव्हा सगळा प्लांट गोळा झाला होता. ताईनं आधी पेटीचं पाणी दोनदा तपासलं, मग बादली कलती केली. मासा तळाशी गेला, दगडाआड लपला, आणि तिथून हलेना. मामांनी खुर्ची आणली, "ताई, बसा आता."

"तो बाहेर येऊ दे, मग बसते."

तो बाहेर आला नाही. ताई बसली नाही. घरी जातानाही तिनं फाटकातून परत येऊन तिघांना बजावलं, "मेला तर मला सांगायचं. लपवाछपवी केलीत तर गाठ माझ्याशी आहे."

पुढचे दिवस तिचा पाय ठरेना. सकाळी प्लांटात शिरताना आधी मामांच्या तोंडाकडं बघायची. मामा दोन्ही हात वर करून म्हणायचे, "मी हात लावलेला नाही, ताई. तुम्हीच बघा." आणि काळ्या रेघेवाला दगडाआडून शेपूट हलवायचा. मग ती जिना चढायची, नळी भरायची, जिना उतरायची. जंतूंच्या परीक्षेचा निकाल यायला वेळ लागे, तोवर तिला घास गोड लागत नसे. जंतू थोडे आले. शून्य नव्हते, पण मर्यादेत होते. साहेबांनी सुस्कारा टाकला. ताईनं टाकला नाही. उद्याचं उद्या, म्हणाली.

आणि एका सकाळी मासा दगडाआड नव्हता. ताई काचेला नाक लावून शोधू लागली. मग दिसला. पेटीत जिथं प्लांटच्या पाण्याची धार पडत होती, बरोबर तिथं, धारेच्या तोंडाशी, प्रवाहाच्या उलटा, जागच्या जागी पोहत होता.

ती कुणाला काही न सांगता वळणाकडं धावली. धावली म्हणजे तिच्या गुडघ्यांना जमेल तशी. दादा होडीत बसला होता, काठाजवळ, वल्ही वर घेऊन. तिची चाहूल लागताच त्यानं हात आडवा केला. हळू.

ताई पाण्याच्या कडेला थबकली. उथळात, जिथं ती दोघं फडकं धरायची तिथं, पाणी वाऱ्याविना हलत होतं. एक रुंद काळी पाठ वर आली आणि गेली. मग दुसरी. मग एकदम तीन-चार, एकमेकांना घासत, गवताच्या मुळांशी घुसळत. अंड्यावर आलेले मोठे मासे. पाणी त्यांच्या शेपट्यांनी खळखळत होतं.

"सगळे नाही आले," दादा कुजबुजला. "दरवर्षीसारखे नाहीत. पण आलेत."

ताई बघत राहिली. किती वेळ, कोण जाणे. मग तिच्या कपाळावर पुन्हा ती आठी आली. "दादा, हे अंडी घालतील, म्हणजे पिल्लं निघेपर्यंत पाणी असंच राहायला हवं ना?"

"हवंच की."

"आणि महिनाअखेरीला मी जाणार." ती वळलीच. "लंबूला जागेवर तपासायला शिकवायला हवं. आजच. तो पुन्हा खिडकीत लावेल बाटल्या."

"अगं, थांब ना छकुले! इतकी आलीस तर बघ तरी पोटभर!"

"तू बघ," ती चढणीवरून म्हणाली. "मला बाटली भरायचीय."